एका दात्याचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माझा भाचा मोटारसायकल ढकलतच दारात आला आणि म्हणाला, "मामा, इंजिन काम निघालंय. आठ हजार सांगितलेत."

आमचं गाव पाटोदा. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेवर. याच तालुक्यात मांजरा नदी उगम पावते आणि याच तालुक्यात सौताड्याला विंचरणेचा धबधबा खाली कोसळतो. पाणी जिथं कोसळतं तिथं रस्त्यालाही उतरावंच लागतं. भाचा जामखेडला औषधांच्या दुकानात कामाला आहे. सकाळी सौताड्याचा घाट उतरायचा आणि रात्री चढायचा, हा त्याचा रोजचा क्रम. गाडी त्याने जुनी घेतलेली, दीडशे सीसीची, स्पोर्ट म्हणतात तसली. पुढं वाकून बसायचं, टाकी फुगीर, चेन उघडी. २००१ साली पल्सर आली आणि २००८ साली यामाहाची आर १५ आली, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या डोळ्यांपुढून ही चित्रं हललेली नाहीत.

आठ हजार हा आकडा शहरातल्या माणसाला मोठा वाटणार नाही. पण माझी बहीण आणि मेहुणे ऊसतोडीला जातात. घरात पैसे नव्हते. मेहुणे म्हणाले, मुकादमाकडून उचल घेतोच आहोत, त्यात आठ हजार वाढवून घेऊ. उचल म्हणजे काय ते आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. आधी घेतलेला पैसा पुढं कोयत्यानं फेडायचा. म्हणजे या गाडीचं इंजिन काम फडात मोळ्या बांधून फिटणार होतं. म्हणून मी म्हटलं, थांबा, आधी मला बघू द्या.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मुलांना यंत्रं शिकवली. तरी कबूल करतो, पहिला तासभर मीही चुकीच्याच जागी शोधत होतो. एअर फिल्टर काढला, प्लग पाहिला, कॉम्प्रेशन तपासलं. सगळं ठीक. गाडी धूर सोडत नव्हती, ऑइल खात नव्हती. मग तक्रारी नीट ऐकून घेतल्या. त्या तीन होत्या. चढाला गाडी बसते. क्लच लवकर झिजतो. आणि ॲव्हरेज कमी झालंय, पंचेचाळीसच्या जागी बेचाळीस देते. पहिल्या दोन तक्रारींचा मेळ बसत होता. तिसरी मात्र त्यांच्यासोबत यायचं तसं कारण दिसत नव्हतं. तेव्हा मी खाली बसलो आणि चेनच्या पुढच्या चाकाचं कव्हर काढून दाते मोजले.

पंधरा. गाडीच्या पुस्तिकेत होते चौदा.

आता हा एक दाता काय करू शकतो, ते समजून घेऊ. सायकल सगळ्यांना माहीत आहे. पायडलचं चाक मोठं, मागचं चाक लहान. आपले पाय सावकाश फिरतात, म्हणून पायांच्या एका फेऱ्यात मागचं चाक अनेकदा फिरवून घ्यायचं. मोटारसायकलीत याच्या बरोबर उलट. पुढं लहान चाक, मागं मोठं. कारण इंजिन मिनिटाला हजारो फेरे मारतं. त्याचा वेग कमी करून जोर वाढवायचा असतो. या दातेरी चाकांना स्प्रॉकेट म्हणतात. ते चालतात त्या रोलर चेनला आधुनिक रूप दिलं हान्स रेनॉल्ड या माणसाने, इंग्लंडमध्ये मँचेस्टरला, १८८० साली. म्हणजे भाच्याच्या झगमगीत गाडीखाली फिरत होती ती वस्तू सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

हिशेब अगदी शाळेतला आहे. मागचे दाते भागिले पुढचे दाते. मागं ४२ आणि पुढं १४, तर उत्तर येतं ३. पुढचं चाक तीनदा फिरेल तेव्हा मागचं एकदा फिरेल. पुढं १५ बसवले तर उत्तर २.८. पुढं १३ बसवले तर ३.२३. आकडा जेवढा मोठा तेवढा ओढीचा जोर जास्त आणि पळ कमी. आकडा लहान, तर पळ जास्त आणि जोर कमी.

समजा, मूळ गाडी वरच्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला ६००० फेऱ्यांना ताशी ७६ किलोमीटर जाते. पुढं १५ दाते लावले की तेवढ्याच फेऱ्यांना ती ८१ जाईल, आणि १३ लावले तर ७१ च्या आत राहील. फरक प्रत्येक गिअरमध्ये सारख्याच प्रमाणात पडतो. पहिल्यातही आणि सहाव्यातही. पहारीचं टोक जवळ धरलं की दगड हलत नाही आणि लांब धरलं की हलतो, पण हात जास्त फिरवावा लागतो, तसलंच हे. पहार आपली ताकद वाढवत नाही. स्प्रॉकेटही इंजिनाची ताकद वाढवत नाही. असलेली ताकद कशी वापरायची, एवढंच ते ठरवतं.

इथंच तरुण पोरं फसतात. त्यांना वाटतं, पुढं एक दाता वाढवला की गाडीचा सगळ्यात जास्त वेग वाढलाच. कागदावर वाढतो. रस्त्यावर वारा आडवा येतो. वेग जास्त झाला की वाऱ्याला कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर शक्ती सुमारे तेहतीस टक्के जास्त हवी. दीडशे सीसीचं इंजिन ती आणणार कुठून? म्हणून पुष्कळदा असं होतं की दाता वाढवलेली गाडी सहाव्या गिअरमध्ये दमते आणि पाचव्यातच जास्त पळते. सहावा गिअर नुसता सपाटीवर पेट्रोल वाचवण्यापुरता उरतो.

भाच्याच्या गाडीच्या आधीच्या मालकाने हेच केलं असणार. त्याचा रस्ता बहुधा सरळ, सपाटीचा असेल. तो दाता घेऊन गाडी आमच्या घाटात आली. मग काय होणार? वळणावर जिथं दुसऱ्या गिअरमध्ये निघायचं तिथं इंजिन गुदमरू लागलं. पहिला टाकावा तर इंजिन ओरडतं. मग पोरगा हाफ क्लच धरून चढायचा. हाफ क्लच म्हणजे प्लेटा एकमेकींवर घासत ठेवणं. त्या झिजणारच. पहिल्या दोन तक्रारींचं उत्तर मिळालं.

तिसरीचं उत्तर जास्त गमतीचं आहे. काही गाड्यांत मीटरला वेग कळतो तो पुढच्या चाकावरून. अशा गाडीत स्प्रॉकेट बदलला तरी मीटर खरं बोलतं. पण काही गाड्यांत तो गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्यावर मोजला जातो. तो दांडा एकदा फिरला म्हणजे चाक किती फिरलं, हे मीटरने चौदा दात्यांच्या हिशेबाने पाठ केलेलं असतं. पंधरा बसले हे त्याला कोण सांगणार? गाडी खरी १५ किलोमीटर गेली तरी ते १४ च लिहितं.

दुसऱ्या दिवशी मी भाच्याच्या मागं बसून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड मोजले. पंधरा दगड मागे पडले आणि मीटर चौदावर होतं. म्हणजे तो ३०० किलोमीटर जायचा तेव्हा मीटर २८० दाखवायचं. पेट्रोल मात्र ३०० किलोमीटरचंच जळायचं. पंचेचाळीसचं ॲव्हरेज कागदावर बेचाळीस दिसायचं. गाडी काही जास्त पेट्रोल पीत नव्हती. चूक मोजण्यात होती. आणि यातली धोक्याची बाजू अशी की मीटर साठ दाखवायचं तेव्हा घाटात उतरताना तो खरा चौसष्टने जात होता.

चौदाचा स्प्रॉकेट आणला. भाचा म्हणाला, "मामा, मग तेराच लावू ना. घाटात आणखी जोर." प्रश्न बरोबर होता. पण प्रत्येक गोष्टीची किंमत असते. तेरा लावले तर जामखेडच्या सपाटीवर इंजिन सतत जास्त फिरणार, पेट्रोल जास्त जाणार, मीटर आता उलट जास्त दाखवणार. शिवाय चाक जितकं लहान तितकी चेन त्याभोवती जास्त वाकते, लवकर झिजते आणि मागच्या चिमट्यावर घासण्याचा संभव वाढतो. ज्याला रोज भरपूर ओझं घेऊन चढावर जायचंय त्याने तेराचा विचार जरूर करावा. आम्ही चौदावर थांबलो.

कुणाला फरक थोडाच हवा असेल, तर तो मागच्या चाकात करावा. पुढचा एक दाता म्हणजे ढोबळमानाने मागचे तीन दाते. मागं एकच दाता वाढवला तर फरक जेमतेम २.४ टक्के पडतो. पण मागं तीन दाते वाढवले तर चेन दीड कडीने कमी पडते आणि चाक पुढं सरकवून भागलं नाही तर चेन नवी घ्यावी लागते. चेनचा नंबरही पाहावा. ४२८ ची चेन आणि ५२० ची चेन एकमेकींच्या चाकांवर बसत नाहीत. नंबरातला पहिला आकडा म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागांत. चार म्हणजे अर्धा इंच आणि पाच म्हणजे पाच अष्टमांश.

झिजलेल्या चेनवर नवा स्प्रॉकेट बसवू नये. जुनी चेन लांबलेली असते, ती नव्या दात्यांनाही आपल्यासारखं करून सोडते. दाते आरीच्या दात्यांसारखे एका बाजूला वाकले असतील किंवा मागच्या चाकावरची चेन बोटाने ओढल्यावर दात्यापासून सुटत असेल, तर चेनसेट पूर्णच बदलावा. चेनला ढील ठेवावी, साधारण दोन ते तीन सेंटिमीटर, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल तीच खरी. फार ताणलेली चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. चाक घट्ट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरपं बसतं.

आणि हात जोडून सांगतो, गाडी चालू ठेवून, चाक फिरवत चेन पुसू नका. फडकं गुंततं आणि त्याबरोबर बोटं जातात. इंजिन बंद, किल्ली खिशात, आणि चाक हाताने फिरवायचं. मागं आई-बहीण बसणार असेल तर साडी गार्ड काढून टाकू नका. स्पोर्ट गाडीला तो शोभत नाही म्हणून पोरं काढतात. उघडी चेन आणि पदर यांचं वैर जुनं आहे.

आमचा खर्च किती झाला? एक स्प्रॉकेट आणि क्लच प्लेटा. क्लच मात्र खरंच गेला होता. सगळं मिळून आठ हजारांच्या पाव हिश्श्यातही बसलं. इंजिन काम सांगणाऱ्या मेस्त्रीवर माझा राग नाही. त्याने लक्षणं ऐकली आणि नेहमीचा रोग सांगितला. मीही तासभर तेच करत होतो.

त्या रात्री भाचा जामखेडहून आला तो आईला मागं बसवूनच. ती दवाखान्यात गेली होती. म्हणाला, "मामा, धबधब्याच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये आलो." मेहुणे ओट्यावर बसले होते. त्यांना दाते-बिते काही कळत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मग मुकादमाला वाढीव पैशाचं नको म्हणून सांगू ना?"

म्हटलं, सांगा.

मंडळी, जुनी गाडी घेताना आपण टायर पाहतो, रंग पाहतो, कागद पाहतो. एकदा खाली बसून पुढचे आणि मागचे दाते मोजा आणि पुस्तिकेशी ताडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.