काठीवाचूनचा वाद्यवृंद

मंडळी, मागच्या वेळी आपण स्वातंत्र्य आणि नियम यांविषयी बोलत होतो. आज तोच प्रश्न एका संगीतसभेत नेऊन पाहू.

चेंबर ऑर्केस्ट्रा म्हणजे तीस-चाळीस वादकांचा छोटा वाद्यवृंद. पश्चिमेत उन्हाळा सरला की त्यांचा नवा हंगाम सुरू होतो. पहिल्या सभेची मांडणी पुष्कळदा अशी असते: आधी व्हायोलिन कॉन्चेर्टो, म्हणजे एक वादक आणि वृंद यांचा संवाद, मध्यंतरानंतर सिम्फनी, म्हणजे सगळ्या वृंदाची रचना. समोर बहुधा काठी घेतलेला संचालक असतो. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रानं मात्र ही जागा रिकामी ठेवली.

मग ठरवतं कोण? तिथे प्रत्येक रचनेसाठी अग्रवादक बदलतो. मोजके वादक आधी बसून रचनेची लय, उठाव यांचा विचार करतात. मग तो सगळ्यांसमोर तालमीत येतो आणि तिथे त्यावर वाद होतात. कुणीतरी उठून खुर्च्यांत जाऊन बसतो आणि तिथे कसं ऐकू येतं ते सांगतो.

आता दोन उदाहरणं घेऊ. मोझार्टनं १७७५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, पाचवा व्हायोलिन कॉन्चेर्टो लिहिला. वृंद द्रुत लयीत सुरुवात करतो. मुख्य वादक येतो तो मात्र विलंबित लयीत, जणू दुसऱ्याच विचारात असल्यासारखा. सहाच मात्राखंड, आणि पुन्हा द्रुत लय. या वळणावर काठी नसेल, तर साथीदारांना त्याचा श्वास आणि गज यांवरच लक्ष ठेवावं लागतं. त्याच मोझार्टच्या १७८८ च्या चाळिसाव्या सिम्फनीत आधी व्हायोलांची हलकी, अस्वस्थ साथ सुरू होते. व्हायोलिनची धून क्षणभरानं येते. म्हणजे पहिलं पाऊल साथीदारांचं!

तुम्ही म्हणाल, आपल्या मैफलीत तरी कुठे काठी असते? बरोबर आहे. पण तिथे माणसं तीन-चार, आणि समेवर सगळे भेटतात. इथे माणसं तीस, आणि सूर आधीच लिहिलेले.

कांटनं १७८५ मध्ये मांडलं की स्वतः स्वतःला घालून दिलेला नियम पाळणं म्हणजे स्वायत्तता. हे वादक स्वायत्त आहेत का? सूर तर मोझार्टचे. पण ते कसे वाचायचे, हा निर्णय त्यांचा. आणि तो निभावायचा तर शेजाऱ्याला ऐकावंच लागतं.

याची किंमतही आहे. मॉस्कोत १९२२ ते १९३२ या काळात पेर्सिम्फान्स नावाचा संचालकाविना वृंद होता. एकमेकांना दिसावं म्हणून वादक वर्तुळात बसत, काहींची पाठ श्रोत्यांकडे असे. तालमी खूप लागत. आज्ञा लवकर पोचते, सहमतीला वेळ लागतो. म्हणून संचालक निरुपयोगी आहे, असं आमचं म्हणणं नाही. मोठ्या वृंदाला तो हवाच असतो.

पण एक कबुली देतो. आम्ही वर्षानुवर्षं वर्गात काठी घेऊनच उभे होतो. धडा वेळेत संपायचा, प्रश्न मात्र विद्यार्थ्यांच्या मनातच राहायचे. शांत वर्ग म्हणजे समजलेला वर्ग, असं आम्ही धरून चाललो. आज आमचं बोलणं इथेच थांबवतो. आता तुम्ही बोला, आम्ही ऐकतो.