विहिरीतला काळा दगड आणि ओट्यावरचा ग्रॅनाइट

सिंदी मेघेत विहीर खणली की आधी काळी माती, मग मुरूम आणि खाली काळा दगड लागतो. हा बेसाल्ट. ओट्यावर बसवतो तो ग्रॅनाइट. दोन्ही अग्निजन्य खडक, म्हणजे शिलारस थंड होऊन झालेले.

बेसाल्ट वर येऊन पटकन थंड झाला, ग्रॅनाइट जमिनीखाली हळूहळू, एवढंच बहुतेक ठिकाणी सांगतात. ते अर्धंच खरं. वेगावरून कण बारीक की मोठे, इतकंच ठरतं. बेसाल्टचाच रस खोलवर सावकाश गोठला तर गॅब्रो होतो, ग्रॅनाइट नाही. आमच्या भाषेत, इथे इनपुटच वेगळं आहे: बेसाल्टमध्ये सिलिका साधारण 50 टक्के, ग्रॅनाइटमध्ये 70च्या आसपास. म्हणून ग्रॅनाइटमध्ये काचेसारखे गारेचे कण दिसतात. आणि गंमत म्हणजे दुकानातला ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट असतो, म्हणजे आपल्या बेसाल्टचाच भाऊबंद!

आपला बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचा, थरावर थर साचलेला. बोअर मारताना हेच कामाचं. घट्ट थरात पाणी जवळपास नसतंच. ते भेगांत आणि थराच्या माथ्यावरच्या झिजलेल्या, बुडबुड्यांच्या भोकांच्या पट्ट्यात मिळतं. हैदराबादकडच्या ग्रॅनाइटमध्ये असे थरच नाहीत. तिथे वरचा झिजलेला भाग आणि भेगा, एवढाच आधार. बोअरवाला पैसे फुटावर घेतो, पाण्यावर नाही. म्हणून शेजारच्या बोअरची नुसती खोली विचारू नका, पाणी कसल्या दगडात लागलं तेही विचारा.