न्यायदान मंडळ आणि अभिरूप न्यायालय

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे शीर्षकच भाषाभ्यासकास थोडे थांबावयास लावणारे आहे. ‘शांतता’ हा संस्कृत, ‘कोर्ट’ हा इंग्रजी व ‘चालू’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द. शिवाय ‘चालू’ या शब्दाचा जो एक हिणकस अर्थ मराठीत रूढ आहे, तो एका अविवाहित शिक्षिकेवरील खटल्याच्या संदर्भात वाचकाच्या कानी पडल्यावाचून राहत नाही. नाटककारास तो अभिप्रेत असो वा नसो.

मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यास येते. त्या रात्रीचा ठरलेला खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावरील, अण्वस्त्रांच्या संदर्भातला. परंतु तालीम म्हणून लीला बेणारे हिलाच आरोपी केले जाते व खेळाचे हळूहळू शिकारीत रूपांतर होते. येथे रहस्य आहे, परंतु ते उकलण्याची कोणास निकड नाही. १९५७ ते १९६६ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाजलेल्या पेरी मेसन मालिकेत खरा गुन्हेगार बहुधा न्यायालयातच उघडा पडे आणि समाजाची घडी पुन्हा बसे. तेंडुलकरांच्या कोर्टात ज्या पुरुषाचा संबंध सर्वांना ठाऊक होतो, ते प्राध्यापक दामले गैरहजरच राहतात. गावातला सामंत तर हातातल्या कादंबरीतून साक्ष पुरवितो, आणि ती साक्ष ग्राह्य धरली जाते. बनावट पुराव्यावर इतके मार्मिक भाष्य मराठी रंगभूमीवर विरळाच.

या नाटकाकडे सातारा-सांगलीच्या भूमीवरून पाहिले असता एक वेगळी तुलना सुचते. १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सांगलीतील वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके धरून, नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने न्यायदान मंडळे चालविली. जमिनीचे व कर्जाचे वाद, घरगुती तंटे, स्त्रियांवरील अत्याचाराच्या तक्रारी त्यांच्यापुढे येत. या मंडळांनाही राजसत्तेचे अधिष्ठान नव्हते. काशीकरांच्या न्यायासनास जितका अधिकार, कायद्याच्या दृष्टीने तितकाच त्यांना. दोन्हीकडे न्यायालयाचे रूप उसने घेतलेले आहे. फरक पडतो तो आरोपी कोण, यात. एकीकडे सावकार, गावगुंड व सरकारचे हस्तक. दुसरीकडे त्या मंडळीतली सर्वांत एकटी व्यक्ती. तथापि मंडळांचे गुणगान करताना त्यांच्या शिक्षांचा कठोरपणा झाकून ठेवणे योग्य नव्हे. ‘प्रतिसरकार’चे लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’ झाले, आणि गुन्हेगाराच्या पायांना पत्री ठोकीत म्हणून हे नाव पडले, अशी उपपत्तीही मागाहून रूढ झाली. उच्चारसाम्यातून निर्माण झालेली ही लोकव्युत्पत्ती होय. परंतु ती इतकी सहज पटली, याचे कारण शिक्षेची स्मृती ताजी होती.

असाच प्रकार ‘शारदा’ या नावाबाबत दिसतो. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मधले, आणि बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९२९ मधला. तो ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला गेला खरा, परंतु त्याचे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. देवलांच्या नाटकातही जरठ वराचे लग्न मोडते ते कन्येच्या अनिच्छेमुळे नव्हे. वधूवर सगोत्र ठरल्यामुळे! तिच्या मनाचा प्रश्न निर्णयाबाहेरच राहतो.

बेणारेच्या खटल्यात तो आणखी दूर जातो. तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवताना दंडविधानाचे ३०२ हे कलम उच्चारले जाते. प्रत्यक्षात ते खुनाच्या शिक्षेचे. गर्भपाताचे कलम ३१२. (ही संहिता १ जुलै २०२४ पासून रद्द झाली आहे, आणि गर्भपातास मर्यादित मान्यता देणारा कायदा नाटकानंतर, १९७१ मध्ये आला.) ही चूक पात्रांच्या हौशी ज्ञानाशी सुसंगतच आहे. कलमाचा आकडा त्यांना अर्थासाठी नव्हे, दबदब्यासाठी हवा असतो. ‘मिस बेणारे’ची ‘आरोपी’ होते, गप्पांची ‘साक्ष’ होते. शब्द बदलला की माणसे आपल्याच मैत्रिणीशी निर्दयपणे बोलावयास मोकळी होतात. शेवटी शिक्षा अशी की, बेणारेने जगावे, मात्र तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा. म्हणजे ज्या कृत्याचा आरोप, तेच कृत्य निकालपत्रात आज्ञा होऊन येते. बचावासाठी तिला दहा सेकंद दिले जातात. त्या अवधीत इतर सर्व पात्रे गोठून जातात व ती दीर्घ स्वगत बोलते. प्रेक्षक ते अक्षरशः ऐकतात. न्यायालयाच्या लेखी मात्र आरोपीने काहीही म्हटलेले नसते.