खरखरीत आवाजाची साक्ष

आता झॅक विल्यम्स या गायकाकडे वळू. अमेरिकेतल्या आर्कान्सात वाढलेला हा गायक आधी सदर्न रॉक गायचा; दारू आणि ड्रग्जच्या विळख्यात होता. २०१२ मध्ये स्पेनच्या दौऱ्यात, बसमधल्या रेडिओवर एक ख्रिस्ती गाणं कानावर पडलं आणि त्याने बँड सोडला. २०१६ मध्ये ‘चेन ब्रेकर’ आलं, म्हणजे ‘साखळ्या तोडणारा’. गाण्याचा विषय बदलला, गळा मात्र तोच राहिला : खरखरीत, कंट्री संगीताच्या वळणाचा. तो आपल्याला का पटतो? साखळ्या तुटल्या म्हणणाऱ्याच्या आवाजात त्यांचे वळ ऐकू येतात, म्हणून. पण एवढं ध्यानात ठेवू : वळ हा भोगल्याचा पुरावा आहे, साखळी कोणी तोडली याचा नव्हे. साक्ष आणि सिद्धता यांतला फरक तो हाच.