लहान शाळेची निवड

अमेरिकेतील काही कॅथलिक पालक १४ वर्षांच्या मुलासाठी मोठे विद्यालय सोडून अभिजात शिक्षणाची लहानशी शाळा निवडतात. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगीन त्रयी हा तेथील अभ्यासाचा पाया; तिला लॅटिन भाषेची आणि मूळ ग्रंथांच्या वाचनाची जोड असते. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेच्या १९४७ सालच्या ऑक्सफर्ड येथील व्याख्यानाने या त्रयीकडे पुन्हा लक्ष वेधले. लहान शाळेत शिक्षक प्रत्येक मुलाला ओळखतो. परंतु एकाकी पडलेल्या मुलाला तेथे दुसरी सोबत मिळणे कठीण, आणि ऐच्छिक विषयही बहुधा मोजकेच. म्हणून पालकांनी माहितीपत्रकावर विसंबू नये. मुलाला एक दिवस वर्गात बसू द्यावे व पाहावे, शंकेला तेथे उत्तर मिळते की दटावणी? तर्क शिकविणाऱ्या शाळेला प्रश्नांचे भय असता कामा नये.