एक्सल तुटला म्हणजे नेमकं काय तुटलं?

नाटे बंदरातली बर्फात भरलेली मासळी असो की सड्यावरच्या खाणीतला जांभा चिरा, माल बाहेर पडतो तो गाडीनेच. खाडीकाठावरून सड्याचा चढ, पुढे राजापूर, ओणी आणि कोल्हापूर गाठायचं तर अणुस्कुऱ्याचा घाट. अशा वाटेवर एखादी जुनी 407 किंवा एखादा सहाचाकी ट्रक चढावर ‘कट्’ असा आवाज करून थांबला, की जमलेले सगळे एकच निदान करतात : मागचा एक्सल गेला. मग कोणी म्हणतं वेल्डिंग मारू, कोणी म्हणतं भंगारातून आणू, आणि कोणी तर गाडीच विकायचा सल्ला देऊन मोकळा होतो.

मुळात मागचा एक्सल ही एक वस्तू नाही. बाहेरून दिसतं ते पोकळ हाऊसिंग. गाडीचं वजन स्प्रिंगच्या पाट्यांवरून त्याच्यावर येतं. हाऊसिंगच्या मधोमध क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल, आणि तिथून दोन्ही चाकांकडे जाणारे दोन शाफ्ट. यातलं काय गेलं, त्यावर दुरुस्ती काही तासांची की काही दिवसांची हे ठरतं.

‘शाफ्ट तुटला की चाक निखळून पडतं’ ही भीती बहुतेक सगळ्यांना असते. मागची चाकं इंजिनाने फिरणाऱ्या काही मोटारगाड्यांत आणि लहान पिकअपमध्ये ती खरी आहे, कारण तिथे चाकाचा भार शाफ्टवरच असतो. मोठ्या ट्रकची रचना वेगळी. तिथे हब दोन टेपर बेअरिंगांवर थेट हाऊसिंगच्या टोकावर फिरतो आणि शाफ्ट फक्त चाक फिरवायचं काम करतो. म्हणून हबवरचे बोल्ट काढले की चाक न उतरवता, जॅकही न लावता शाफ्ट ओढून बाहेर काढता येतो. आतला तुटका तुकडा मात्र डिफरन्शियलच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे शाफ्टचं टोक बसतं त्या खाचांमध्ये, अडकून राहतो. तो तारेच्या फासाने किंवा लोहचुंबकाने निघाला तर ठीक, नाहीतर डिफरन्शियल उतरवावा लागतो. तुकडा किंवा त्याचा कपचा आत ठेवून नवा शाफ्ट बसवणं म्हणजे क्राऊनचे दातही घालवणं.

ट्रकच्या बाबतीत खरा धोका चाक निखळण्याचा नाहीच. एक शाफ्ट तुटला की डिफरन्शियल नुसती ती रिकामी बाजूच फिरवत राहतो. इंजिन फिरतं, गाडी जागची हलत नाही. आणि त्याच कारणाने गिअरमध्ये टाकलेली गाडी उतारावर थांबूनही राहत नाही. इंजिनचा अटकाव चाकापर्यंत पोचतच नाही. घाटात शाफ्ट तुटला तर पहिलं काम चाकांमागे मोठे दगड लावायचं. गाडीखाली शिरायचं त्यानंतर.

‘जास्त लोडनेच तुटला’ हे निदान अर्धं खरं आहे. वर सांगितल्याप्रमाणे ट्रकच्या शाफ्टवर वजन नसतंच, पीळ असतो. चिखलात चाक गरगर फिरतं आणि कातळाला लागून एकदम पकडतं, किंवा खाणीच्या चढावर ड्रायव्हर क्लच झटकन सोडतो, तेव्हा शाफ्ट तुटतो. जास्त लोड घात करतो तो आधी हाऊसिंगचा, तेही हळूहळू वाकवून. चिऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी : जांभा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पितो. तेवढेच चिरे मोजून भरले तरी जुलैतली खेप मेमधल्या खेपेपेक्षा जड असते.

याच संदर्भात ‘सरकारनेच लोड वाढवून दिलाय’ हे वाक्य कानावर येतं. 2018 च्या जुलैमध्ये केंद्राने मालवाहू गाड्यांच्या प्रत्येक एक्सलवरच्या सुरक्षित वजनाची मर्यादा वाढवली हे खरं. चार टायरांच्या एका एक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली, दोन एक्सलच्या ट्रकचं एकूण वजन 16.2 वरून 18.5 टन. पण 1998 साली बनलेल्या हाऊसिंगचं पोलाद राजपत्र वाचून जाड होत नाही. तुमच्या गाडीच्या आरसीवर जे वजन लिहिलंय, तेच तिचं वजन.

आता वेल्डिंग. ‘चांगला वेल्डर असला की शाफ्टही जोडतो’ हे मत ठामपणे मांडणारे प्रत्येक नाक्यावर भेटतात. जोडतो, यात वाद नाही. पण शाफ्टचं पोलाद कारखान्यात तापवून, थंड करून ठरावीक कडकपणाला आणलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने तो कडकपणा जोडाच्या दोन्ही बाजूंना बिघडतो आणि पुढच्या चढावर शाफ्ट जोडाला लागूनच पुन्हा तुटतो. शाफ्ट बदलायचाच असतो. हाऊसिंगचं तसं नाही. पत्र्याच्या दाबीव हाऊसिंगला मधल्या भागात लहान चीर गेली असेल, तर नीट घासून, जिगवर सरळ धरून केलेलं वेल्डिंग टिकतं. बेअरिंग बसतं त्या टोकाजवळ मात्र वेल्डिंग नको. उष्णतेने ती जागा वेडीवाकडी होते आणि मग बेअरिंग, सील, ड्रम सगळंच एकामागून एक जातं.

तुटलेला शाफ्ट लगेच भंगारात टाकू नये, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्याचं तुटलेलं तोंड आधी नीट बघावं. ओहोटीच्या वेळी पुळणीवर उमटतात तशा एकामागे एक वळणदार रेघा आणि त्यांच्यावर गंज दिसला, तर तडा जुना आहे, रोज थोडा थोडा पुढे सरकत होता. अख्खं तोंड ताजं आणि खरबरीत असेल, तर एका झटक्याने तुटलाय. स्प्लाइन पिळवटलेल्या दिसल्या तर दोष चालवण्यात आहे. आणि त्याच बाजूचा शाफ्ट दुसऱ्यांदा तुटला असेल, सील वारंवार गळत असेल, टायर आतून किंवा बाहेरून एकाच कडेला झिजत असेल, तर शाफ्टला दोष देऊ नका. हाऊसिंग वाकलंय. तिथे कितीही नवे शाफ्ट घाला, तुटतच राहणार.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचं एक वेगळं दुखणं आहे. मासळीच्या पेट्यांमधून खारट पाणी ठिबकत असतं. ते चासी, यू-बोल्ट, हाऊसिंग यांच्यावर पडतं. गंजाने पडलेल्या खड्ड्यातूनच पुढे तडा सुरू होतो. शिवाय लांबून तापून आलेला एक्सल खाडीकाठच्या पाण्यात बुडला, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायचं छिद्र, चिखलाने बुजला असेल तर हमखास. ‘डिफरन्शियलचं ऑइल बदलायचं नसतं, कमी झालं तर फक्त भरायचं’ हा समज इथे सगळ्यात महाग पडतो. ड्रेन प्लग उघडल्यावर ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी आहे, ते काढायलाच हवं. इंजिनचं उरलेलं ऑइल तिथे ओतणं हा तर निव्वळ आडमुठेपणा. हायपॉइड क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना जीएल-5 दर्जाचंच गिअर ऑइल लागतं.

बंद पडलेली गाडी ‘न्यूट्रलला टाकून ओढत न्या’ असं सांगणाराही भेटेलच. इंजिन बंद असताना चाकांमुळे गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर ऑइल उडवणारे खालचे गिअर थांबलेले असतात. राजापूरपर्यंत ओढून नेईस्तोवर गिअरबॉक्स कोरडाच फिरतो. ओढण्याआधी प्रोपेलर शाफ्ट सोडवावा, किंवा दोन्ही एक्सल शाफ्ट काढून हबची तोंडं झाकून घ्यावीत.

भंगारातला एक्सल आणण्यात कमीपणा काहीच नाही, मात्र ‘त्याच कंपनीचा म्हणजे बसणारच’ असं धरून चालू नये. स्प्लाइनची संख्या, शाफ्टची लांबी, पाट्यांच्या बैठकीतलं अंतर आणि गुणोत्तर जुळलं पाहिजे. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात : 41 ला 7 ने भागलं तर 5.86, 6 ने भागलं तर 6.83. दुसरा आकडा चढाला बरा, पण सपाटीवर वेग कमी आणि डिझेल जास्त. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यातच एकमेकांशी जुळवलेली असते. एक जुना आणि एक नवा असं कधीही बसवू नये.

एकूण हिशोब असा. नुसता शाफ्ट गेला असेल तर नवा घाला आणि दुसऱ्या बाजूचाही काढून तडा बघून घ्या. क्राऊनचे दात उडाले असतील तर जोडी, बेअरिंग आणि ऑइल एकदमच बदला. हाऊसिंग वाकलेलं असेल किंवा टोकाशी चिरलं असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडून त्याच मॉडेलचा सरळ, तपासलेला एक्सल बसवा. हबचं नट अंगातली सगळी ताकद लावून आवळू नका, टेपर बेअरिंगला किंचित मोकळीक लागते. आणि भरलेल्या गाडीची पहिली खेप झाली, की यू-बोल्ट पुन्हा एकदा आवळून घ्यायला विसरू नका.