आग्या मोहोळाचे घड्याळ

मधमाशीला वेळ कळते, हे प्रयोगाने सिद्ध झाले त्याला आता शतक होत आले आहे. कार्ल फॉन फ्रिश यांची विद्यार्थिनी इंगेबोर्ग बेलिंग हिने 1929 साली दाखवून दिले, की काही दिवस ठरावीक तासाला साखरेचे पाणी मिळालेल्या माश्या पुढे रिकाम्या बशीवरही त्याच तासाला हजर होतात. मात्र त्या बाहेरचे ऊन पाहून वेळ ठरवतात की ही जाण त्यांच्या शरीरातच आहे, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक होता. 1955 साली माक्स रेनर यांनी पॅरिसमधील बंद खोलीत शिकवलेल्या माश्या विमानाने न्यूयॉर्कला नेल्या आणि तिथे त्या स्थानिक वेळेला नव्हे, तर बरोबर चोवीस तासांनी, म्हणजे पॅरिसच्या वेळेला, अन्नाकडे आल्या. शरीरात चालणाऱ्या या सुमारे चोवीस तासांच्या चक्राला जैविक घड्याळ म्हणतात.

परंतु पोळ्याच्या आतली स्थिती याहून गुंतागुंतीची असून तीच अधिक विचार करायला लावणारी आहे. कामकरी माशीचे आयुष्य कामांच्या क्रमाने पुढे सरकते : जन्मल्यावर पहिले काही दिवस ती घरे साफ करते, मग दाई होऊन अळ्यांना भरवते, पुढे मेणाची घरे बांधते, पहारा देते आणि साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर मकरंद व पराग आणायला बाहेर पडते. यांपैकी बाहेर जाणारी माशी रात्री खरोखर झोपते. तिच्या मिशा हळूहळू खाली झुकतात, अंग सैल पडते. दाई माशी मात्र रात्रंदिवस सारखीच कामात असते, कारण अळीच्या भुकेला रात्र नसते. गाय ब्लोख आणि जीन रॉबिन्सन यांनी 2001 साली असे दाखवले, की बाहेर जाणाऱ्या माश्यांना परिस्थितीवशात पुन्हा दाईपण करावे लागले, तर त्यांची दिवस-रात्रीची लय लोपते. उलट दाई माशीला अळ्यांपासून दूर ठेवले की तिची लय लवकरच प्रकट होते, असे पुढील संशोधनात आढळले. म्हणजे घड्याळ प्रत्येकीत असते, पण ते वागण्यात उतरायचे की नाही, हे तिच्या वाट्याला आलेले काम ठरवते. समाजाची गरज एकेका जिवाच्या शरीरक्रियेपर्यंत किती खोल पोचते, याचे याहून स्वच्छ उदाहरण कीटकसृष्टीत क्वचितच सापडेल.

हे प्रयोग पेटीत पाळल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य मधमाशीवर झाले. विदर्भात मात्र आग्या, सातेरी आणि फुलोरी अशा तीन देशी मधमाश्या नांदतात आणि त्यांचे दिवस सारखे नाहीत. श्रीलंकेत निकोलाउस केनिगर व त्यांच्या सहकाऱ्याने 1976 साली या तिन्ही जातींच्या नरांची मीलनासाठी उडण्याची वेळ नोंदवली, तेव्हा फुलोरीचे नर दुपारी, सातेरीचे उतरत्या उन्हात आणि आग्याचे सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर पडताना दिसले. एकाच आकाशात तीन जातींची सरमिसळ टळते, त्याला वेळेची ही वाटणीही कारण आहे.

आग्याची गोष्ट याच्याही पुढे जाते, कारण ही माशी चांदण्या रात्री फुलांवर जाते. हेमा सोमनाथन, रेनी बॉर्जेस, एरिक वॉरंट आणि अल्मुट केल्बर यांनी भीमाशंकरच्या अभयारण्यात मधमाशीच्याच कुळातल्या काळ्या भुंग्यांचा अभ्यास केला असता त्यांतील एक जात अमावास्येच्या अंधारातही उडते असे आढळले. पुढे सोमनाथन आणि सहकाऱ्यांनी 2009 साली आशियाई मधमाश्यांचे डोळे तपासले, तेव्हा प्रकाश टिपण्याची सर्वाधिक क्षमता आग्याच्या डोळ्यांत दिसली आणि तिच्या माथ्यावरचे तीन साधे डोळेही निशाचर माश्यांप्रमाणे मोठे आढळले. तरीही मुख्यतः दिवसा उडणाऱ्या पाश्चात्त्य माशीपेक्षा तिचे डोळे फार सरस ठरले नाहीत, त्यामुळे रात्रीच्या उड्डाणाचे पूर्ण उत्तर डोळ्यांच्या रचनेत नाही, एवढे निश्चित झाले.

आग्याला पेटी मानवत नाही. तिचे एकच मोठे पोळे फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाला उघड्यावर लटकते आणि त्यावर माश्यांचाच अनेक पदरी पडदा असतो. पडद्याच्या खालच्या भागात एक गजबजलेली जागा असते. बाहेरून आलेल्या माश्या तिथेच उतरतात आणि नाचून फुलांची दिशा सांगतात. पेटीतल्या माशीचा जो व्यवहार पाहण्यासाठी काच लावावी लागते, तो इथे दुर्बिणीतून दिसू शकतो. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना अळ्यांभोवतीचे तापमान सुमारे 34 अंशांच्या जवळपास राखण्यासाठी या वसाहतीला पाणी आणणे आणि पंखांनी वारा घालणे ही कामे दिवसाच्या वेळापत्रकात बसवावी लागतात. संत्र्याच्या आंबिया बहरापासून या उन्हाळ्यापर्यंतची आग्याची दिनचर्या नोंदवण्यास नागपूरइतकी सोयीची शहरे थोडीच असतील.

मध काढणाऱ्यांना या लयीचे ज्ञान फार पूर्वीपासून आहे. अंधारात माशी नीट उडू शकत नाही, म्हणून पारंपरिक पद्धतीत अंधारी रात्र निवडून, पेटती मशाल लावून पोळे उतरवले जाते; त्यात असंख्य माश्या व अळ्या मरतात. वर्ध्याच्या सेंटर फॉर बी डेव्हलपमेंटचे डॉ. गोपाल पालीवाल यांनी विदर्भातील मध गोळा करणाऱ्या आदिवासींना संरक्षक पोशाख घालून, मध साठवलेला भाग तेवढाच कापून अळ्यांचा भाग जागेवर ठेवण्याचे शिक्षण दिले. वसाहत जिवंत ठेवून मध मिळवण्याचा हा मार्ग वनखात्याने आणि ग्रामसभांनी सर्वत्र स्वीकारावा, इतका तो निःसंशय चांगला आहे.

शहरात धोका वेगळा आहे. रात्रीच्या प्रखर दिव्यांकडे आग्या माश्या ओढल्या जातात, दिव्याभोवती फिरत थकून खाली पडतात आणि त्यांच्यावर पाय पडला की माणसांना डंख होतात. मग दोष मोहोळाला दिला जातो आणि ते जाळले जाते. आग्याची वसाहत एका जागी कायम राहत नाही, हंगाम सरला की ती स्थलांतर करते. म्हणून ज्या इमारतीवर मोहोळ लागले असेल, तिथल्या रहिवाशांनी त्या बाजूचे दिवे रात्री मालवावेत, खिडक्यांना पडदे लावावेत, पोळ्याखालची ये-जा थोडे दिवस वळवावी, आणि आग लावणाऱ्याला बोलावण्याआधी जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागाला कळवावे.